नववीतल्या लेकीचं खो-खो, चित्रकला, आज्यांना शिकवणं आणि भूमितीत १४ मार्क – काय ठेवावं, काय सोडावं?

औशाकडची आई:

नमस्कार सगळ्यांना. इथलं वाचते बऱ्याच दिवसांपासून पण लिहायलेय पहिल्यांदाच, थोडं लांब होईल, समजून घ्या.

माझी लेक नववीत आहे. आम्ही औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, शाळा औशाला, येणं-जाणं एसटीनं, मुलींचा पास फुकट आहे म्हणून बरं. सकाळी नऊच्या गाडीनं जाते आणि संध्याकाळी प्रॅक्टिस करून साडेसहाच्या शेवटच्या गाडीनं येते, घरात पाय ठेवेपर्यंत सव्वासात होतात. पाचवीपासून खो-खो खेळते. यंदा १७ वर्षांखालच्या मुलींत त्यांची शाळा तालुका जिंकून जिल्ह्याला गेली, तिथं दुसऱ्या मॅचला हरल्या. गेल्या वर्षी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली, बी ग्रेड आली, यंदा त्याच्या पुढच्या इंटरमिजिएटला बसलीय. आणि तिसरं म्हणजे शाळेतल्या बाईंनी त्या उल्लास साक्षरतेच्या कार्यक्रमात सांगितलं होतं की आपल्या गल्लीतल्या न शिकलेल्या माणसांना शिकवा, तर ही रात्री जेवणं झाली की आमच्या ओसरीवर शेजारच्या दोन आज्यांना घेऊन बसते, आठवड्यातून चार दिवस, अर्धा-पाऊण तास. त्यातल्या एका आजीनं मागच्या महिन्यात बचत गटाच्या रजिस्टरवर अंगठा द्यायच्या ऐवजी सही केली, पहिल्यांदा, सत्तरीच्या पुढं वय आहे त्यांचं, आणि सही झाल्यावर ते रजिस्टर त्यांनी कुणाच्या हातात लवकर देईनाच, बघतच बसल्या. माझी लेक त्या दिवशी जेवढी खूश होती तेवढी जिल्ह्याला गेल्यावरसुद्धा नव्हती.

आता अडचण. पहिल्या सत्राचा निकाल आला, बाकी सगळे विषय बरे आहेत पण भूमितीत ४० पैकी १४. बीजगणितात २९ आहेत हेही सांगते. तिचे पप्पा म्हणायलेत हे सगळं बंद कर, पुढच्या वर्षी दहावी आहे, लातूरला मावशीकडं ठेवू आणि ट्यूशन लावू. ते वाईट माणूस नाहीत हो, स्वतः दहावीत राहिले, शेती बघून पिकअप चालवतात, त्यांना वाटतं आपल्यासारखं हिचं होऊ नये. त्यांचं एकच म्हणणं, खो-खोनं पोट भरतंय का आणि आज्यांना शिकवून हिला काय मिळणार. दीर म्हणतात पेपरात वाचा, १०० टक्केवाली पोरं सगळी लातूरची, आपण लातूरच्या एवढ्या जवळ असून लेकरू मैदानावर पळवायलोय.

लेक काहीच बोलली नाही. परवा खेळायचे बूट धुतले, वाळवले आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवून दिले. मी सांगितलं नव्हतं, पप्पांनीही नव्हतं. मला त्याचंच जास्त लागलं.

खरंच खेळामुळं अभ्यास मागं पडतो का? काय सोडायचं आणि कुणी ठरवायचं? आणि ते कला-क्रीडाचे जादा मार्क असतात म्हणतात त्याचं नक्की कसं असतं? अनुभव असेल त्यांनीच सांगा, उगं धीर नका देऊ.

निलंग्याचे गणित सर:

ताई, मी एकवीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवतोय. सगळ्यात आधी एक काम करा, ती भूमितीची उत्तरपत्रिका शाळेतून मागून घ्या आणि १४ मार्क कुठल्या प्रश्नांत आले आणि २६ कुठल्या प्रश्नांत गेले ते बघा. कारण ज्या लेकराला बीजगणितात २९ आहेत त्याला गणित येत नाही असं होतच नाही.

माझा अंदाज सांगतो. नववीच्या गणित भाग २ मध्ये पहिला धडा मूलभूत संबोध, दुसरा समांतर रेषा, तिसरा त्रिकोण, मग त्रिकोण रचना, चौकोन, वर्तुळ असं चालतं. तालुका-जिल्हा स्पर्धा पावसाळ्यात आणि त्याच्या थोड्या पुढं होतात आणि नेमके तेव्हाच शाळेत समांतर रेषा आणि त्रिकोण चालू असतात. पोरगी स्पर्धेला आठ-दहा दिवस गेली, परत आली तर वर्ग पुढं गेलेला, आणि भूमिती अशी आहे की त्रिकोणाची एकरूपता कळली नाही तर चौकोनाची प्रमेयं कळत नाहीत आणि हीच गाडी दहावीत समरूपता, पायथागोरस, वर्तुळ इथपर्यंत अडकत जाते. मग सगळे म्हणतात खेळामुळं मार्क गेले. खेळामुळं नाही गेले, खेळून आल्यावर ते दहा दिवस कुणी भरून दिले नाहीत म्हणून गेले. ही चूक आम्हा शिक्षकांचीही आहे, मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षं संघ परत आला की फक्त अभिनंदन करायचो आणि पुढचा धडा काढायचो. आता मी संघातल्या पोरांना शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास बसवतो, तीन-चार शनिवारात सगळं भरून निघतं. तुमच्या शाळेतल्या सरांना विनंती करून बघा, लई कमी सर नाही म्हणतात.

लातूरला ठेवायचं की नाही तो तुमच्या घरचा प्रश्न, त्यात मी बोलणार नाही.

जालन्याचा बाप:

माझं मत वेगळं आहे आणि कुणाला राग आला तरी मांडतो. माझी दोन लेकरं, मोठा क्रिकेटमध्ये दहावी-बारावी घालवून बसला, आज दुकानात कामाला आहे. आपल्यासारख्या माणसाकडं दुसरा चान्स द्यायला पैसा नसतो. शहरातल्या डॉक्टरच्या पोराचं एक वर्ष गेलं तर बाप पुढच्या वर्षी पुन्हा फी भरतो, आपण कुठून भरणार? सोयाबीनला भाव मिळत नाही, वर्षाला हातात काय राहतं ते आपल्यालाच माहीत. दहावी होईपर्यंत सगळं बंद ठेवा, नंतर खेळू दे किती खेळायचं तितकं. तुमचे मालक बरोबर बोलायलेत.

नांदेड एमबीबीएस:

काका तुमची काळजी खोटी नाही, पण "नंतर खेळू दे" म्हणता ना, ते नंतर येत नाही, मी तोच पोरगा आहे ज्याचं सगळं बंद केलं होतं.

मी हिंगोली जिल्ह्यातला, आठवीपर्यंत तबला शिकायचो, गांधर्व महाविद्यालयाची 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा झाली होती. नववीत तबला बंद. मग लातूरच्या ट्यूशन एरियात तीन वर्षं. एका खोलीत चौघं, मेसचा डबा, सकाळी सहाला पहिली बॅच आणि रात्री एक-दीडपर्यंत वाचन. मेडिकलची नीट परीक्षा निघाली, एमबीबीएसला लागलो, ते शहर आणि ते सर नसते तर मी इथं नसतो, लातूर पॅटर्नबद्दल वाईट बोलणाऱ्यांतला मी नाही. पण मला त्या तीन वर्षांतलं काय आठवतं तर पाठ दुखायची, डोकं दुखायचं आणि टेस्टमध्ये येत असलेलं चुकायचं. आता शिकल्यावर कळतंय की तेरा ते अठरा वयाच्या पोरांना ८ ते १० तास झोप लागते, आणि जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या लेकरांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीचा खेळ-व्यायाम सांगते. दिवसा वाचलेलं रात्रीच्या झोपेत पक्कं होतं आणि आम्ही नेमकी झोपच कापत होतो, काय तर म्हणे दोन तास वाचले. माझ्या खोलीतला एक जण रोज संध्याकाळी पाऊण तास क्रीडा संकुलावर पळायला जायचा, आम्ही म्हणायचो याला टेन्शन नाही. त्याचे मार्क आमच्यापेक्षा जास्त आले. एका माणसावरून नियम होत नाही हे मान्य पण मला ते विसरता येत नाही.

औशाच्या ताईंना एवढंच की नववी-दहावी आणि अकरावी-बारावी यात फरक करा. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० मार्क, तिथं खेळाचा एकसुद्धा मार्क धरत नाहीत, तेव्हा तिला खरंच कमी करावं लागेल आणि ती स्वतः करेल. पण तो दाब नववीपासून कामून लावायचा? आणि हो, ती आज्यांना शिकवते ते चुकूनही बंद करू नका. मी आज ओपीडीत बसतो तेव्हा आजीबाईला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगायला मला जमत नाही, सीनियर ओरडतात. तुमच्या पोरीला ते चौदाव्या वर्षी येतंय.

धाराशिव माजी खेळाडू:

ताई तुमचं ते बुटांचं वाचून मला रडू आलं. मी धाराशिवची, खो-खोच खेळायचे, राज्यापर्यंत गेले, पुढं नाही. आमच्या जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय आहे ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. सारिका काळे ताई आमच्याच, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या कॅप्टन, सुवर्ण आणलं, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार. साध्या घरातली मुलगी. पण मी हे यासाठी सांगत नाही की तुमची लेक तिथं जाईलच, शंभरातल्या नव्व्याण्णव जात नाहीत, मी पण नाही गेले. मी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण माझ्या कामाला आलं नाही, कारण माझी कामगिरी त्यात बसत नव्हती. माझ्या कामाला आलं ते वेगळंच. खो-खोत चेसर म्हणजे पाठलाग करणारा खेळाडू बसलेला असतो आणि खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, उठलं तर फाऊल. वाट बघायची, पण अशी की उठायच्या क्षणाला पाय तयार पाहिजे. परीक्षेच्या हॉलमध्ये, इंटरव्ह्यूला, वर्गात पन्नास लेकरं समोर असताना मला ते कामाला येतं.

वेळेचं म्हणाल तर, मी अकरावी-बारावीला आर्ट्सला होते आणि एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, आम्ही एका गावात शोषखड्डे केले होते. घरी सगळे म्हणायचे एवढे तास कुठून आणणार. हिशोब केला तर आठवड्याला अडीच तासही होत नाहीत. मोबाईलवर त्याच्या कितीतरी जास्त जातात, खरं सांगते.

तुमच्याकडं खरी अडचण एसटीची आहे असं मला वाटतंय. दिवसातले दोन तास नुसते थांब्यावर आणि गाडीत चाललेत. माझी आई मला एक छोटी वही द्यायची, हाताच्या पंजाएवढी, त्यात इंग्रजीचे शब्द, सनावळ्या, विज्ञानाच्या व्याख्या, थांब्यावर उभं राहून तेवढंच करायचं. दप्तर उघडायचं नाही. माझा अर्धा इतिहास एसटी स्टँडवर पाठ झालाय.

अंबाजोगाई कलाशिक्षक:

जादा गुणांचं विचारलंय म्हणून लिहितो. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७, बी ला ५, सी ला ३ गुण मिळतात. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांनाही मिळतात आणि खेळात कुठल्या स्तरापर्यंत काय कामगिरी केली त्यावर ठरतं. हे आपोआप येत नाही बरं का, शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव जावा लागतो, सर्टिफिकेटची झेरॉक्स घरात पडून राहिली आणि मुदत गेली असं दरवर्षी एखादं लेकरू असतंच. नियमही मधून मधून बदलतात म्हणून दहावीच्या सुरुवातीलाच क्रीडाशिक्षक आणि कलाशिक्षक दोघांना विचारून ठेवा.

तुमच्या दिरांना हेही सांगा, २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना १०० टक्के पडले, त्यातले ११३ लातूर विभागाचे. पण त्या १०० टक्क्यांत बेस्ट ऑफ फाईव्ह, म्हणजे सगळ्यात चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरणं असतं आणि बऱ्याच जणांचे हे कला-क्रीडाचे गुणही असतात. म्हणजे ज्या लेकरांचं उदाहरण देऊन ते खेळ बंद करा म्हणायलेत त्यांच्यातलीच कितीतरी लेकरं चित्र काढणारी, गाणारी, खेळणारी आहेत.

एवढं सांगून वर एक विनंती. ७ गुणांसाठी चित्र काढायला लावू नका. माझ्याकडं दरवर्षी अशी पोरं येतात ज्यांना आईबापांनी मार्कांसाठी पाठवलंय, स्मरणचित्राच्या पेपरला बाजाराचं एकच चित्र पाठ करून येतात, विषय पावसातला एसटी स्टँड असला तरी तोच भाजीवाला काढतात. परीक्षा झाली की रंगाची पेटी कायमची बंद. तुमची लेक काढते ते आवडीनं का मार्कांसाठी ते तिला एकदा विचारा. मार्कांसाठी असेल तर इंटरमिजिएट झालीच आहे, विषय संपला, तेवढे तास मोकळे झाले.

केज तालुका शेतकरी:

मला जास्त शिकलेलं बोलता येत नाही पण एक सांगतो. जालन्याच्या भाऊंचं पटतंय आणि नाही पण पटत. आपण रानात सोयाबीन आणि तूर एकाच वेळी पेरतो का नाही, दोन तासं म्हणजे ओळी सोडून तिसरी तुरीची किंवा चार सोडून एक, ज्याची त्याची पद्धत. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघून जातं. तोवर तूर बारीकच दिसते, नवीन माणूस बघून म्हणेल ही काय येत नाही. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळं होतं आणि मग तूर सुटते, पार जानेवारीपर्यंत. दोन्ही पिकं आली ना एकाच रानात.

माझ्या पोराचं मी तसंच केलं, तो कबड्डी खेळायचा. शाळेच्या स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे उरकतात, जो वरच्या स्तराला जातो त्याचंच पुढं चालतं. तोवर खेळ पुढं, अभ्यास रोज थोडा पण बंद नाही. दिवाळीनंतर खेळ फक्त अंग मोकळं करायपुरता, अर्धा तास, आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला म्हणजे हातात पूर्ण तीन महिने. लोक एका दिवसात सगळं बसवायला बघतात म्हणून कोंडी होते. वर्षाकडं बघा. आणि दिवाळीपर्यंत खेळलेलं लेकरू हिवाळ्यात बसायला लागलं की बसतं, ते मी डोळ्यानं बघितलंय, त्याला दमायची सवय असते.

आमच्या जिल्ह्याचा अविनाश साबळे, आष्टीकडचा मांडव्याचा, शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जायचा, बारावी करून सैन्यात गेला आणि २०२२ ला कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं सिल्व्हर आणलं. त्याच्या आईबापानं वीटभट्टीवर काम केलंय. पोट भरतं का विचारलंत म्हणून सांगितलं. माझा पोरगा काय तिथं नाही गेला, तो आयटीआय करून वायरमन आहे, संध्याकाळी गावातल्या पोरांना कबड्डी शिकवतो फुकट. मला त्याचं समाधान आहे.

जालन्याचा बाप:

दादा तुमचं तुरीचं बरोबर आहे. माझ्या मोठ्याचं सोयाबीन कधी निघालंच नाही, बाराही महिने तेच, आणि मी पण मध्ये पडलो नाही, नंतर एकदम मारून-झोडून बंद केलं. धाकटी आठवीत आहे, तिचं बघतो आता.

औशाकडची आई:

सगळ्यांचे लई आभार, दोन दिवस लागले उत्तर द्यायला कारण मला आधी पेपर बघायचा होता. निलंग्याच्या सरांनी सांगितलं तसं शाळेत जाऊन भूमितीची उत्तरपत्रिका बघितली. सर, तुम्ही म्हणाला तेच निघालं. रचनेचा प्रश्न पूर्ण बरोबर आहे, मूलभूत संबोधातलं बरोबर आहे, समांतर रेषांचं अर्धं आणि त्रिकोणाचं एकूण एक कोरं. कोरं म्हणजे प्रश्न क्रमांक घालून जागा सोडलेली, चार ठिकाणी. मी विचारलं तर म्हणाली मम्मी मी नव्हतेच तेव्हा, आणि नंतर विचारायची लाज वाटली, सगळ्यांना येत होतं. शाळेतले सर म्हणाले दिवाळीनंतर शनिवारी थांबवतो, अजून तीन मुली आहेत संघातल्या, चौघींना सोबत घेतो.

चित्रकलेचं विचारलं. आवडतं पण परीक्षेचं नाही आवडत म्हणाली, पुढं परीक्षा नको, असंच काढीन. बरं म्हटलं. आज्यांचं विचारायची गरजच नव्हती, मार्चमध्ये त्यांची परीक्षा आहे, वाचन, लेखन, संख्याज्ञान मिळून १५० मार्कांची, आणि दोघींना लेकीपेक्षा जास्त टेन्शन आहे. एका आजीला हातच्याची वजाबाकी येईना तर हिनं दुधाच्या हिशोबावरून शिकवली, डेअरीवाल्यानं दिले किती आणि उधारी कापली किती. आता आजी रोज डेअरीवाल्याला चिठ्ठी मागतात.

पप्पांना मी केजच्या दादांचं तुरीचं वाचून दाखवलं. त्यांनी काही कबूल केलं नाही, एवढंच म्हणाले की नववी पूर्ण होऊ दे, लातूरचं मे महिन्यात बघू. खो-खोचं काय विचारलं तर म्हणाले सोयाबीन निघालंय ना आता, मग आता कशाला विचारतेस, जूनला विचार. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. सकाळी अर्धा तास गावाच्या रस्त्यानं पळायला जाते म्हणाली, त्याला नाही म्हणाले नाहीत. साडेसहाच्या ऐवजी आता पाचच्या गाडीनं येतेय, पावणेसहाला घरी.

सर, एक विचारायचं राहिलं. दिवाळीच्या सुट्टीत तिला घरीच सुरुवात करायचीय, शनिवारची वाट न बघता. मी बारावी आर्ट्स झालेय, मला फार येत नाही पण सोबत बसू शकते. त्रिकोणाचा धडा थेट घ्यावा का आधी समांतर रेषा?

निलंग्याचे गणित सर:

समांतर रेषा आधी, ताई. घाई करू नका, चार दिवस त्यालाच द्या. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश का येते हे सिद्ध करायला शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषाच काढावी लागते, व्युत्क्रम कोन कळले असतील तर ते दोन ओळींत होतं, नसतील तर नुसतं पाठांतर होतं. आकृती वहीत काढायच्या आधी ओसरीवर खडूनं मोठी काढायला सांगा, हातभर लांब, आणि कोनांना रंग द्यायला सांगा, सारख्या कोनाला सारखा रंग. चित्र काढणारी पोरगी आहे, तिला लवकर दिसेल. मग एकरूपतेच्या कसोट्या, एका दिवशी एकच. अडलं तर इथंच फोटो टाका, मी रात्री नऊनंतर बघतो.